नेपोलियनचं कलम

माझी शाळा तिसरीपर्यंत झाली. चौथीत गेले असते, पण त्या वर्षी आमची म्हैस व्याली आणि शाळेपेक्षा म्हशीला माझी गरज जास्त होती. तरी सांगते, आमच्या वाडीत माझ्याएवढं लक्षात ठेवणारं दुसरं माणूस नाही. कोणाच्या बारशाला कोण आलं नव्हतं, कोणी कोणाची विळी नेली आणि मूठ मोडून परत आणली, सगळं माझ्याकडे जमा आहे. लोक मला उगाच घाबरत नाहीत.

म्हणून दीपक जेव्हा म्हणाला, "आये, तू हल्ली विसरायला लागलीस," तेव्हा मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

दीपक माझा मुलगा. मुंबईला कंपनीत असतो, महिन्यातून एकदा गुहागरच्या गाडीने येतो. सून नम्रता आणि नात सानवी गावाला माझ्याजवळ. त्याच्या मनात बरेच दिवस होतं की आम्ही तिघींनी उठून नालासोपाऱ्याला जायचं आणि आंब्याची बाग कराराने कोणाला तरी देऊन टाकायची. त्याला फक्त निमित्त हवं होतं. ते माझ्या मोबाईलने दिलं.

झालं एवढंच, की तो मोबाईल फार वाजत होता म्हणून मी दोन मिनिटांसाठी तांदळाच्या डब्यात ठेवला. नम्रता सानवीला घेऊन माहेरी गेलेली. एकटीसाठी भात कोण शिजवणार, म्हणून मी दोन दिवस भाकरीच खाल्ली. डबा उघडायचं कारणच पडलं नाही. दीपकने तिकडून शंभर फोन केले असतील. तिसऱ्या दिवशी त्याने भिकाजीला पाठवलं. भिकाजी म्हणजे माझा चुलतदीर, शेजारीच राहतो. तो स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "वहिनी, तुमचे तांदूळ वाजतायत."

हे मुंबईला कळायला पाच मिनिटं लागली. भिकाजीला पोटात काही ठेवता येत नाही.

"विसरले नाय मी," मी दीपकला म्हणाले, "ठेवला होता."

"कुठे ठेवला ते आठवत होतं?"

"तांदूळ काढला असता तर आठवलं असतं."

त्याने बायकोकडे बघितलं. ही नवराबायकोची नजर मी ओळखते. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरून जाते ती, विजेच्या तारेसारखी.

बाग म्हणजे बेचाळीस कलमं हापूसची. माझ्या लग्नानंतर ह्यांनी खड्डे खणले आणि मी पाणी घातलं. कातळातली जमीन, एकेका खड्ड्याला पहार वाकायची. एकेक कलम मला माणसासारखं ओळखीचं आहे. कोणाला कराराने दिली की तो फळं उतरवणार आणि जाणार. कुठल्या कलमाला काय दुखतं ते त्याला कोण सांगणार?

तेव्हाच ग्रामपंचायतीने जाहीर केलं, आठ मार्चला महिला दिनानिमित्त बायकांची सामान्य ज्ञान स्पर्धा. मी तिथल्या तिथे दीपकला म्हणाले, "मी भाग घेते. पहिली आले तर बागेचं नाव काढायचं नाय. नाय आले तर गप तुझ्याबरोबर येते."

"आये, तिथे जगाचं विचारतात."

"विचारू दे. जग काय माझ्यापेक्षा मोठं हाय?"

नाव द्यायला पंचायतीत गेले तर सरपंच ऋतिकाने सगळ्यांना चाळीस प्रश्नांची पुस्तिका वाटली. सगळ्या बायका उभ्या होत्या, दाभोळकडची झुबेदासुद्धा होती. झुबेदा आमच्या वाडीला वीस वर्षं मासळी देते, आता खालच्या मोहल्ल्यातच राहायला आली आहे. ती म्हणाली, "जनाक्का, आपण दोघी मिळून अभ्यास करूया गो."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "अभ्यास विसरणारी माणसं करतात. मला गरज नाय."

सगळ्यांनी ऐकलं. जीभ माझीच, दोष कोणाला देऊ?

घरी येऊन पुस्तिका उघडली तर एक अक्षर लक्षात राहीना. वाचायला येतं मला, पण जोडाक्षर आलं की पाय घसरतो, आणि ह्या जगाची सगळी नावं जोडाक्षरांचीच. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बागेत पाला गोळा करत होते, सानवी मागून एकेक प्रश्न वाचत होती. ती म्हणाली, "आजी, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर?"

माझ्यासमोर आमचं पहिलं कलम उभं होतं. बागेत सगळ्यात उंच. काठी पुरत नाही म्हणून त्याचे शेंड्याचे आंबे दरवर्षी कावळे खातात.

"काय ते उत्तर?"

"कळसूबाई."

"मग ही कळसूबाई," मी म्हणाले आणि झाडावर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत ते नाव गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही जागेवर होतं.

मग काय, सगळं जग बागेत आणून लावलं. विहिरीकडचं कलम बाराही महिने ओल्यात असतं, तो प्रशांत महासागर. न्हाणीच्या चुलीला सगळ्यात जवळ असलेलं, उन्हाळ्यात निम्मं भाजतं, तो सूर्याजवळचा बुध. एका कलमाची फांदी लांबत लांबत दगडी गडग्यावरून भिकाजीच्या हद्दीत गेली आहे, ती नाईल नदी. नुसती हाडं हाडं दिसतात असं एक आहे, ते दोनशे सहा. माणसाच्या अंगात तेवढी हाडं असतात म्हणे. ज्याच्याखाली पोरं कबड्डी खेळतात ते सात. एक कलम ह्यांनी लांब देवगडहून आणलं होतं, आमच्या मातीत ते कधी रमलंच नाही, नुसतं उभं आहे. त्याचं नाव थिबा राजा, ब्रह्मदेशातून आणून रत्नागिरीत कैदेत ठेवला होता तो.

आणि अकरावं. ते मागच्या वादळात आडवं झालं. आम्ही दोर लावून उभं केलं, दोन वर्षं जोरात आंबा दिला आणि परत आडवं झालं. आता कुबड्या लावून एका कोपऱ्यात असतं. सानवीने प्रश्न वाचला, वॉटर्लूच्या लढाईत कोण हरला. उत्तर नेपोलियन. मी म्हणाले, शोभतं.

सानवीने आंब्याच्या जुन्या पेटीचे पुठ्ठे कापून त्यावर फक्त उत्तरं लिहिली आणि सुतळीने झाडांना बांधली. प्रश्न लिहायची गरज नव्हती, प्रश्न म्हणजे झाडच. सकाळ-संध्याकाळ मी फेरी मारायची आणि हात लावून नावं घ्यायची. आठ दिवसांत चाळीसच्या चाळीस पाठ. दोन कलमं उरली, ती मी आपली आपल्यासाठी ठेवली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग भिकाजीने गडग्यावरून मान काढली.

"वहिनी, ह्या पाट्या कसल्या?"

मी नेपोलियनला हात लावून उभी होते. खरं सांगावं तर, अभ्यास विसरणारी माणसं करतात असं मीच गावाला सांगितलेलं. हा अर्ध्या तासात वाडीभर करेल आणि दीपकला फोनही करेल.

"जाती आहेत," मी म्हणाले.

"कसल्या?"

"आंब्याच्या. नव्या."

"हे तर आपले हापूस."

"दिसायला. आत बदललेत."

तो गडगा ओलांडून आत आला. पाटी वाचली. "नेपोलियन. परदेशी वाटतं?"

"तिकडचाच."

"कसा आहे?"

"पडला तरी परत उभा राहतो," मी म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग तो नाईलपाशी गेला आणि ती फांदी आपल्या हद्दीत आलेली बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू घरबसल्या पाटबंधारा मिळाला. "वहिनी, ह्या फांदीवरची नाईल माझी."

"अजून गुपित आहे, भिकाजी. कोणाला बोलू नको."

हे वाक्य मी का बोलले ते मला आजही कळत नाही. भिकाजीला बोलू नको म्हणणं म्हणजे पेटलेल्या पेंढ्याला गप बस म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात सहा माणसं. प्रत्येकाला पावसाळ्यात कलम बांधायला काड्या हव्या होत्या. एकाला पारा अशी पाटी असलेलं कलम हवं होतं, कारण नावावरून फळ वजनदार असणार. एकाला प्रशांत महासागर, त्याच्या बागेत पाणी तुंबतं. पण सगळ्यात जास्त मागणी दोनशे सहाला. माणसं म्हणाली, नुसता नंबर आहे म्हणजे संशोधनाची जात असणार, नावं काय कोणीही ठेवतं. त्या बिचाऱ्या हडकुळ्या झाडाला दहा वर्षांत पेटीभर आंबा नाही, आणि त्याच्याभोवती माणसं हात जोडल्यासारखी उभी.

"पावसात बघू," मी सगळ्यांना सांगितलं. पावसाला तीन महिने होते. तोपर्यंत स्पर्धा होऊन जाईल, मग सांगू पोरीचा खेळ होता म्हणून.

पण तिसऱ्या दिवशी कृषी सहायक आला. गौरव नाव त्याचं, नवीनच नेमणूक, बुटांना माती लागू नये म्हणून टाचांवर चालायचा. पाट्यांचे फोटो काढले, पडून परत उभ्या राहणाऱ्या नेपोलियनपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबला आणि वही उघडली.

"काकी, हे सगळं तुम्ही स्वतः विकसित केलंत?"

"मग काय शेजारणीने?"

"नोंदी कुठे आहेत?"

"डोक्यात."

"सगळ्या बेचाळीस झाडांच्या?"

"चाळीस. दोन रिकामी आहेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काकी, तुमची स्मरणशक्ती अफाट आहे." मी मनात म्हटलं, हे वाक्य जरा मुंबईला कळव बाबा. नम्रता मागे पडवीत उभी होती, तोंडाला पदर लावून. तिला सगळं ठाऊक होतं, पण दीपकला सांगायचं नाही अशी शपथ मी घातली होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "आई, तो वहीत लिहून घेऊन गेला हो."

"लिहू दे. कागदावरचं कोण वाचतंय?"

आठ मार्चला दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत स्पर्धा. दीपक मुद्दाम रजा काढून आलेला, पहिल्या रांगेत बसला. आम्ही बारा जणी. घंटा नव्हत्या म्हणून प्रत्येकीसमोर एक स्टीलचं ताट आणि चमचा ठेवला होता. उत्तर येत असेल तर ताट वाजवायचं. सरपंच ऋतिका प्रश्न वाचायला. ती एरवी मला काकी काकी करते, पण त्या दिवशी नाकावर माशी बसू देत नव्हती.

"सूर्याच्या सर्वात जवळचा ग्रह?"

मी ताट वाजवलं, डोळे मिटले आणि बागेत शिरले. कळसूबाई गेली, थिबा गेला.

"काकी, वेळ संपत आली."

"थांब, न्हाणीकडे पोचतेय."

खोली हसली. दीपक हसला नाही.

"बुध," मी म्हणाले.

बरोबर आलं. पुढे तेच. "माणसाच्या शरीरात हाडं किती?" मी म्हणाले, "एक मिनिट गो, विहीर ओलांडू दे." हाडं बरोबर आली, पण दीपकने नम्रताचा हात धरला. त्याला वाटत होतं, आई भर सभेत कुठेतरी भटकतेय. भटकत होतेच मी, पण कुठे ते मला नीट ठाऊक होतं.

बाकीच्या बायका एकेक करून मागे पडल्या. राहिलो मी आणि झुबेदा. तिचा मुलगा झैन जहाजावर असतो, त्यामुळे समुद्र, कालवे, बंदरं तिच्या घरचीच. सुएझ कालवा कुठले दोन समुद्र जोडतो ते तिने प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं, वर म्हणाली, "झैन तिथे तीन दिवस अडकला होता." वॉटर्लू मी घेतलं. शेवटी दोघींचे अकरा-अकरा.

"आता एकच प्रश्न," ऋतिका म्हणाली. "हा पुस्तिकेतला नाही, आपल्या परिसराचा आहे. श्री. गौरव यांनी काढून दिलाय. जी उत्तर देईल ती पहिली. आपल्या गावात या वर्षी आंब्याची कोणती नवी जात विकसित झाली?"

आंबा ऐकला आणि माझ्या हाताने आपोआप ताट वाजवलं. मग उभी राहिले आणि प्रश्न पोटात उतरला.

डोळे मिटले. सगळी बाग फिरले. कुठल्याच कलमाखाली हा प्रश्न नव्हता. आता उत्तर नेपोलियन हे मला कळत होतं, मी खुळी नाही. एक शब्द बोलले असते की बाग माझी. पण तो शब्द माईकवर बोलायचा म्हणजे गावासमोर, शाळेत, ह्यांनी खणलेल्या खड्ड्याबद्दल खोटं. गडग्यावर भिकाजीला बोलणं वेगळं. त्याला मी जन्मभर काहीबाही सांगतच आलेय.

"अशी कुठली जात नाय," मी म्हणाले.

"चूक. झुबेदाचाची?"

झुबेदाने माझ्याकडे बघत बघतच सांगितलं, "नेपोलियन."

टाळ्या झाल्या. गौरव मागून उठून म्हणाला, "काकी, असं काय? तुमच्याच बागेत आहे. तुम्हीच मला दाखवलंत. विसरलात?"

आणि विसरलात ह्या शब्दावर दीपकने डोळे पुसले. रागाने नव्हे. तेच मला बघवेना. हरले त्याचं काही नाही, पण माझा मुलगा पहिल्या रांगेत बसून माझं डोकं गेलं म्हणून रडतोय आणि डोकं तर इथे लखलखीत जागेवर आहे.

मी ऋतिकाच्या हातातला माईक घेतला.

"मी विसरले नाय," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. त्या पाट्या जातींच्या नायत. त्या ह्या पुस्तिकेतल्या उत्तरांच्या. मी चोरून अभ्यास करत होते. झालं समाधान?"

कोणाचा तरी चमचा ताटात पडला.

भिकाजी उठला. "मग माझी नाईल?"

"ती हापूसची फांदी आहे. आणि माझी आहे."

दीपक उभा राहिला. त्याचा अजून विश्वास बसत नव्हता. "आये, तिसावं कलम?"

"सात. कबड्डीतले खेळाडू. तिथेच तुझा दात पडला होता, केरूच्या डोक्यावर आपटून. चौथीत होतास."

"विहिरीकडचं?"

"प्रशांत महासागर. त्याला यंदा तुडतुडा लागलाय, फवारणी परवा करायला हवी होती. तुझ्या ह्या स्पर्धेपायी राहिली."

मग मी त्याला थांबू दिलं नाही. कळसूबाईपासून सुरू केलं आणि चाळीसच्या चाळीस सांगितली, झाडासकट, झाडाच्या दुखण्यासकट, कुठलं कोणी लावलं आणि त्या दिवशी जेवायला काय होतं त्यासकट. शेवटच्याला पोचले तेव्हा ऋतिकासुद्धा खाली बसली होती.

झुबेदा कुकर घेऊन आली. पहिलं बक्षीस कुकर होता. "जनाक्का, माझं उत्तर चुकलं मग. हा तुझा."

"बरोबर काय नि चूक काय," ऋतिका म्हणाली, "माझ्या कागदावर उत्तर नेपोलियन लिहिलंय. त्याखाली सही शिक्का आहे. झुबेदाचाची पहिल्या."

कागदावरचं कोण वाचतंय असं मीच म्हणाले होते. नम्रता काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

घरी जाताना दीपक माझ्या बाजूने चालत होता. मी म्हणाले, "हरले. शब्द दिलाय. कधी निघायचं ते सांग, कपडे भरते."

त्याने माझ्या हातातली पुस्तिका घेतली. मग म्हणाला, "आये, त्या प्रशांत महासागराला फवारणी कुठली मारायची?"

मी सांगितली.

"आणि मी बाग कराराने दिली तर हे त्या माणसाला कोण सांगणार?"

"ते मी तुला कधीपासून विचारतेय."

"राहा इथेच," तो म्हणाला. "पण मोबाईल डब्यात ठेवायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचा पंप पाठीला लावून तो स्वतः बागेत गेला. मी मागे उभी राहून त्याच्या चुका काढल्या. बरं वाटलं.

आता एवढ्यावर हे संपायला हवं होतं. भर सभेत, माईकवर, स्वतःच्या तोंडाने खोटं कबूल केलेली बाई मी. पण भिकाजीने वाडीत सांगितलं, "वहिनी काड्या द्यायला लागू नयेत म्हणून असं बोलल्या. जात खरी आहे. नायतर सरकारी कागदावर कशी आली असती?" आणि वाडीला ते पटलं. मी खरं बोलते ह्यापेक्षा मी कंजूष आहे हे त्यांना पटायला सोपं गेलं.

पावसात अकरा जण काड्या मागायला आले. मी आधी प्रत्येकाला समजावून सांगितलं. प्रत्येकाने डोळा मारला. शेवटी दिल्या. हापूसच्याच आहेत, वाईट काय होणार आहे? आज आमच्या गावात अकरा घरी नेपोलियन रुजलाय, आणि नऊ घरी दोनशे सहा.

परवा सानवीची शाळेची परीक्षा होती. इतिहासाचं पुस्तक घेऊन पडवीत बसलेली. मध्येच मला म्हणाली, "आजी, तुला तर सगळं येतं. नेपोलियन नक्की होता कोण?"

मी तांदूळ निवडत होते. विचार केला. पुस्तिकेत फक्त कोण हरला एवढंच होतं, पुढचं कोणी विचारलंच नव्हतं.

"अकरावं कलम," मी म्हणाले. "गप अभ्यास कर."